पानाची मागची बाजू

छापखानेवाल्याला एक खोड होती. लोकांना काय हवं असतं हे आपल्याला लोकांपेक्षा जास्त कळतं, असं त्याला मनापासून वाटायचं. कुणी लग्नाचं निमंत्रण छापायला आलं की त्यातला अर्धा मजकूर तो गाळायला लावायचा आणि वर विचारायचा, "एवढं कोण वाचतंय?" बहुतेक वेळा त्याचं म्हणणं बरोबर निघायचं, ही त्यातली खरी पंचाईत. ज्याचं नेहमी बरोबर निघतं त्या माणसाला समजावायला जाण्यात अर्थ नसतो, आणि कुणी जातही नसे.

दर वर्षी हा छापखाना चर्चच्या मंडळीसाठी एक दिनदर्शिका छापायचा. भिंतीवर टांगायची आणि रोज एक पान फाडायचं, अशी. पानाच्या पुढच्या बाजूला तारीख आणि बायबलमधलं एक वचन. मागच्या बाजूला बारीक टायपात टीप: हे वचन कुणी, कुणाला, कसल्या भांडणात किंवा अडचणीत लिहिलं, आणि त्याच्या मुळाशी कोणता विश्वास आहे. वचनं निवडायचं आणि टिपा लिहायचं काम बाईंचं. बाई म्हणजे रविवारच्या वर्गाच्या बाई. मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. छापखानेवालाही त्यातलाच, आणि पाठ केलेलं विसरल्याबद्दल बाकावर उभा राहिलेलाही.

यंदा त्याने ठरवलं की मागची बाजू कोरी ठेवायची आणि वचनं आपणच निवडायची. आखूड, सरळ, उठल्याउठल्या कामाला लागतील अशी.

बाईंना हे कळलं तशा त्या तडक छापखान्यात आल्या. मशीनच्या खडखडाटात त्यांना ओरडून बोलावं लागलं.

"अरे, टिपा काढून टाकतोस म्हणे."

"बाई, रागावू नका. पण लोक पान फाडतात आणि मागे किराणा लिहितात. तुमच्या टिपेवर साबण आणि साखर." तो हसला. "लोकांना इतिहास नको असतो हो. आणि सिद्धांत तर नकोच नको. खोटं बोलू नका, चिडू नका, क्षमा करा, कष्ट करा. एवढं सांगितलं की झालं."

त्याने खुर्ची पुढे केली, पण बाई बसल्या नाहीत. "यातली निम्मी वचनं म्हणजे पत्रं आहेत. दुसऱ्या कुणाला आलेल्या पत्रातली एक ओळ फाडून तू माणसाच्या हातात देणार. त्याने काय समजायचं?"

"समजतील बरोबर. लोक काही खुळे नाहीत."

"खुळे नाहीत म्हणूनच सांगते. खुळा माणूस वाचतो आणि विसरून जातो. सरळ माणूस मनाला लावून घेतो."

छापखानेवाल्याने मान डोलावली. गिऱ्हाइकाला वाटेला लावताना तो नेहमी अशीच मान डोलवायचा. बाईंना ती मान चांगली ओळखीची होती. त्या निघून गेल्या.

दिनदर्शिका हातोहात खपली. शेजारच्या दोन मंडळ्यांनीही मागवली. पाळकांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि छापखानेवाला त्या दिवशी जरा जास्तच ताठ चालला. बाई दारात लोकांना हात जोडत उभ्या होत्या, तिकडे त्याने बघायचं टाळलं.

त्याच्या घरी ती दिनदर्शिका जेवणाच्या टेबलाशेजारी टांगलेली होती. सकाळचं पान फाडून मोठ्याने वाचायचं काम बाबांचं. बाबा म्हणजे छापखानेवाल्याचे वडील. सगळं आयुष्य त्यांनी याच छापखान्यात पुस्तकं बांधली. पानांच्या घड्या घालायच्या, त्या शिवायच्या, पाठीला सरस लावायचा आणि पुठ्ठ्यात बसवायच्या. त्यांनी बांधलेलं पुस्तक फाटलं तरी सुटत नाही, असं लोक म्हणायचे. मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी सुईत दोरा जाईना, मग सुई भलत्याच भोकातून जायला लागली. शेवटी एक दिवस मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आता घरीच बसा." बोलला तसा चांगल्याच मनाने, पण तेव्हा तो हातातलं प्रूफ तपासत होता आणि मान वर करून बोलायचं त्याच्याकडून राहून गेलं.

बाबांच्या वाढदिवसाच्या सकाळी जे पान आलं त्यावर प्रेषित पौलाच्या पत्रातलं वचन होतं. जो काम करत नाही त्याने जेवूही नये, अशा अर्थाचं. बाबांनी ते वाचलं. वाचताना मधेच थोडे थांबले. त्याच वेळी नात डोळे चोळत टेबलाशी आली. सुट्टीच्या दिवशी ऊन तोंडावर येईपर्यंत ती उठत नसे.

"ऐकलंस का?" छापखानेवाला तिला म्हणाला. "लोळत पडणाऱ्यांना नाश्ता बंद. तुझा पाव इकडे दे."

नात फुरंगटली, सगळे हसले. बाबाही हसले. मग सून म्हणाली, "बाबा, आज वाढदिवस ना तुमचा? संध्याकाळी केक करते." छापखानेवाल्याने जीभ चावली. तो साफ विसरला होता. त्याने उठून बाबांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि घाईघाईत छापखान्याकडे निघाला. बाबांनी ते पान घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. संध्याकाळी केक कापला तो बाबांनीच, सगळ्यांना भरवलाही, आणि स्वतःचा तुकडा नातीच्या बशीत सरकवला. गोड नकोसं वाटतंय, म्हणाले.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने जास्त खाल्लं तर ते लगेच डोळ्यांवर येतं. कमी खाल्लं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बाबा दुपारी म्हणायचे, सकाळचं अजून अंगावर आहे. रात्री म्हणायचे, दुपारचं जड झालं. आणि दिवसभर काही ना काही करत राहायचे. सगळ्यांचे बूट पुसायचे. जिना झाडायचे. सुनेच्या हातातून भांडी ओढून घ्यायचे. एकदा हातातून काचेचा मोठा वाडगा निसटला, फुटला. त्या रात्री ते जेवलेच नाहीत. वाडगा फुटला म्हणून कुणी एवढं रुसतं का, असं छापखानेवाला बायकोला म्हणाला, आणि स्वतः दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

मग ते छापखान्यात यायला लागले. "घड्या तरी घालतो," म्हणायचे. मुलाने एक कोपरा दिला, कागदाचा एक गठ्ठा दिला. घड्या वाकड्या पडल्या. बाबांचं मन दुखू नये म्हणून छापखानेवाला काही बोलला नाही. बाबा पाणी प्यायला गेले तेव्हा त्याने तो गठ्ठा हळूच मशीनवाल्याकडे सरकवला आणि घड्या पुन्हा घालून घ्यायची खूण केली. आपण फार नाजूकपणे वागलो असं त्याला वाटलं. बाबा दारातच उभे होते. त्यांनी खूण पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

बाबांच्या पँटच्या पट्ट्याला सुनेने नवीन भोक पाडलं तेव्हा कुठे घर जागं झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, आणि म्हणाले, "आजार काही नाही. हे जेवत नाहीत, एवढंच आहे." घरी येताना छापखानेवाला रस्ताभर बाबांवर चिडला. "खायला काय धाड भरलीय? घरात काही कमी आहे का? लोक काय म्हणतील, मुलगा उपाशी ठेवतो म्हणून." 

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर वाटून घ्यायची ती उपासना. पाळकांनी भाकर मोडली, आणि तुकड्यांचं ताट बाकांवरून हातोहात पुढे सरकायला लागलं. ताट बाबांच्या हातात आलं. त्यांनी ते क्षणभर धरलं. तुकडे थरथरले. मग काही न उचलता त्यांनी ताट मुलाकडे दिलं.

छापखानेवाल्याने ताट धरलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी हे ताट कधी चुकवलं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा नाही. सगळे पुढे बघत होते, त्यामुळे त्याने आपला तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि चव न कळता गिळला.

उपासना संपल्यावर त्याने बाबांना बाहेर भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. सून आणि नात फाटकाजवळ थांबल्या.

"बाबा, काय झालंय? आज मला सांगा. कुणाशी काही बिनसलंय का?"

"कुणाशी नाही."

"मग ताट का नाही घेतलं?"

बाबांनी खिशात हात घातला. ते पान मऊ पडलं होतं, घडीवर झिजलं होतं. "इतक्या दिवसांत मी काय केलं, सांग. एक वाडगा फोडला, तुझा कागद वाया घालवला. घरातलं जेवण जमेल तसं टाळतो, पण अगदी न खाऊन भागत नाही. मग निदान देवाच्या ताटावर तरी फुकट हात मारायला नको, असं वाटलं."

छापखानेवाल्याने पान उलगडलं. आपलाच टाइप, आपलीच शाई.

"हे... बाबा, हे तुमच्यासाठी नव्हतं."

"माझ्या वाढदिवसाच्या तारखेला होतं." बाबांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "वचनं यंदा तूच निवडलीस. मला वाटलं, तोंडावर सांगणं तुला जड गेलं असेल. म्हणून पानावर घातलंस. मला पोचलं ते. तू काही वाईट केलं नाहीस रे, वचन आहे ते."

"मी तारीख बघितलीसुद्धा नव्हती हो. दोन ओळींत बसलं म्हणून घेतलं."

"मग कुणासाठी होतं?"

छापखानेवाल्याने पान उलटून पाहिलं. मागची बाजू स्वच्छ कोरी होती. त्याला तिथे, भर उन्हात, तोंड लपवावंसं वाटलं. बाबांना सुनेबरोबर घरी पाठवून तो मागच्या बाजूच्या रविवारच्या वर्गाकडे वळला.

बाई फळा पुसत होत्या. छापखानेवाला दाराशी उभा राहिला.

"बाई, चुकलं माझं."

"काय चुकलं ते सांग. नुसतं चुकलं म्हणून सुटायची तुझी सवय जुनी आहे."

त्याने सगळं सांगितलं. वाडगा, घड्या, पट्ट्याचं भोक, ताट. स्वतःचा तो नाश्त्याचा विनोदही सांगितला. ऐकता ऐकता बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. डस्टर त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं.

"मी नीट भांडायला हवं होतं तुझ्याशी," त्या म्हणाल्या. "मला राग आला आणि मी निघून गेले. माझाही वाटा आहे यात." मग त्या सांगायला लागल्या. "थेस्सलनीका म्हणून शहर होतं. तिथली मंडळी नवी, आणि प्रेमळ. घासातला घास देणारी. त्यांच्यातल्या काही जणांनी कामधंदा सोडून दिला. प्रभू येशू आज-उद्या परत येणारच, मग दुकान कशाला उघडायचं, असं त्यांच्या डोक्यात असावं. पत्रावरून तसं दिसतं. धडधाकट माणसं. या घरी बस, त्या घरी बस, याचं त्याला सांग, आणि जेवायच्या वेळेला बरोबर हजर. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा. त्याने या लोकांना झापलं. तुझ्या बाबांना नाही."

"हे तिथेच लिहिलंय?"

"बायबलच्या त्याच पानावर, दोन-चार ओळी वर आणि दोन-चार ओळी खाली. तू तेवढ्याच कापल्यास." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "आणि एक गोष्ट बघ. हे फुकटे तिथे शिरू शकले ते कशामुळे? ती मंडळी म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, ज्यांना कुणी नाही त्यांना जेवू घालायची म्हणून. जेवू घालणं हा तिथला रोजचा रिवाज. हे वचन त्या रिवाजाच्या राखणीसाठी आहे. तू राखण छापलीस आणि रिवाज गाळलास."

"हे मी जाऊन बाबांना सांगतो."

"सांग. पण एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नाही. ते पुढचं विचारतील. ते मी सांगणार नाही, तुला येतं. बाकावर उभं करून शिकवलंय." तो निघाला तेव्हा बाई मागून म्हणाल्या, "तुझे बाबा तुझ्यासमोर बसून जेवतात म्हणून तुला कळलं, तेही एवढ्या उशिरा. हे पान आणखी किती भिंतींवर होतं?"

घरापर्यंतच्या रस्त्यात त्याला दर खिडकीआड आपली दिनदर्शिका दिसायला लागली. कोपऱ्यावरचा लंगडा रखवालदार, ज्याचं काम सुटलं होतं. त्याच्या पलीकडची ती बाई, जी भावाच्या घरी राहायची आणि भावजयीची बोलणी खायची. दोघांनीही त्याच्याकडूनच दिनदर्शिका घेतली होती, आणि तिने तर छान आहे म्हणून सांगितलंही होतं. तो मान खाली घालून चालत राहिला.

टेबलावर सूप होतं, पाव होता. बाबा वाडग्यासमोर बसले होते, चमचा तसाच. छापखानेवाला त्यांच्यासमोर बसला आणि थेस्सलनीकाची सगळी हकिकत त्याने सांगितली. त्या आयतोबांपाशी आला तेव्हा बाबा थोडे हसलेसुद्धा. पण चमच्याला हात लावला नाही.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "म्हणजे ती ओळ आळशांसाठी. मी आळशी नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण हात चालत नाहीत ते नाहीतच ना? माझ्या वाडग्यात जे पडतं, ते कशाच्या बदल्यात?"

"तुम्ही एवढी वर्षं राबलात बाबा. छापखाना तुमच्या हातांवर उभा राहिला."

"म्हणजे जुनी कमाई खातोय. ती संपली की?"

बाईंनी सांगितलेला प्रश्न तो हाच. छापखानेवाल्याने ओठ चावला. दारात सून येऊन उभी राहिली होती. लहानपणी घोकून पाठ केलेलं सगळं त्याला आठवत होतं, पण ते आपल्या वडिलांना, पावाच्या टोपलीसमोर बसून सांगावं लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"बदल्यात काहीच नाही," तो शेवटी म्हणाला. "बाबा, प्रभूच्या त्या शेवटच्या जेवणाला कोण कोण बसलं होतं? एकजण त्याला विकायचं ठरवून आला होता. एकजण थोड्या वेळाने ओळखच नाकारणार होता. बाकीचे पळून जाणार होते. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने आधी कुणाला विचारलं नाही की तुम्ही काय केलंत. आधी भाकर मोडून दिली. काम त्यानंतरचं, आणि ज्याला जमेल तेवढं. पौलही सगळीकडे हेच सांगत फिरला, की मिळालंय ते फुकट मिळालंय. हे सगळं खाली असतं म्हणून वरचं वचन उभं राहतं. मी वरचंच तेवढं छापलं."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे तुला ठाऊक होतं?"

"हे ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं असं धरून चाललो. पत्राचं ठाऊक नव्हतं. बाई सांगायला आल्या होत्या, मी त्यांना वाटेला लावलं."

"मग सकाळी मी ते ताट पुढे सरकवलं..."

"ते मी सरकवलं, बाबा. तुमच्या हातून."

बाबांनी चमचा उचलला. निम्मं सूप टेबलावर सांडलं. ते पुसायला सून पुढे झाली, पण त्यांनी या वेळी तिच्या हातातून फडकं घेतलं नाही, तिला पुसू दिलं. ते हळूहळू खात राहिले, खूप भूक लागलेला माणूस खातो तसे, खाली बघून. वाडगा संपत आला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"तू का थांबलास?"

"जात नाही घशाखाली," छापखानेवाला म्हणाला. "तुम्ही उपाशी बसायचात आणि मी समोर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो. आणि वर तुमच्यावरच ओरडलो. आज राहू दे. उद्यापासून घरोघर जाऊन सांगतो, चुकीचं छापलं म्हणून. ते झालं की मग बघू."

बाबांनी टोपलीतला पाव घेतला. दोन्ही हात थरथरत होते, त्यामुळे तो सरळ मोडला नाही, चुरा झाला, निम्मा टेबलावर पडला. उरलेला तुकडा त्यांनी मुलासमोर धरला.

"घे."

"नको, बाबा."

"का? तू आता कमावून खाणार आहेस का?"

हात तसाच पुढे राहिला, थरथरत, आणि मागे येईना. छापखानेवाल्याने तो तुकडा घेतला. आपण तो कमावलेला नाही, हे त्या घरात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.